कवळीवाल्याचे मासे

गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात, असं कवळीवाला सांगे आणि सांगताना स्वतःचे खरेखुरे दात दाखवून हसे. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिला एकच खिडकी, खिडकीखाली ओटा आणि ओट्यावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग. पुढे डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाचे साचे घेत आणि मागे हा त्या साच्यांवर मेण चढवून, एकेक दात रचून, घासूनपुसून कवळी उभी करी. कुणाचा जबडा डावीकडे झुकलेला, कुणाला चावताना खालचा ओठ आत घ्यायची खोड, सगळं त्याला साच्यावरून दिसे. रस्त्यात माणूस भेटला की आधी तोंडाकडे बघायचा आणि मग ओळख द्यायचा. बायको म्हणे, "मला बघायला आलात तेव्हाही दातच बघत होतात. मला वाटलं, लाजताहेत बिचारे."

दवाखाना बंद झाला की त्याच ओट्यावर दुसरं काम निघे. चिमट्यात नखाएवढा गळ पकडायचा आणि त्यावर रेशमी दोरा, कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाचे केस गुंडाळून माशी बांधायची. पाण्यावर अलगद उतरली की खरी माशीच वाटली पाहिजे, अशी. त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, येता-जाता विचारी, "काय भाऊजी, माशा मारताय?" त्यावर बायकोचं उत्तर ठरलेलं होतं, "मारतील कशाला? बांधताहेत. मारणारे नवरे वेगळे."

माशी बांधण्याआधी तो एक गोष्ट न चुकता करी. गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो, ज्याच्यामुळे एकदा रुतलेला गळ निघत नाही, तो काटा तो कवळ्या घासायच्या यंत्राने घासून टाकी. मासा लागला की पाण्यातच हाताने गळ सोडवायचा, प्रवाहाकडे तोंड करून जरा धरायचं आणि जाऊ द्यायचं. सोडलेला मासा शेपटीचा फटका मारून निघून गेला की त्याला जेवण झाल्यासारखं वाटे. इतकी वर्षं मासे पकडून या माणसाने एकही घरी आणला नव्हता. "आमच्या घरी माशाचं फक्त वर्णन शिजतं," असं बायको शेजारणींना सांगे.

हे सगळं चाले ते गावाच्या वरच्या धरणावर. टेकड्यांच्या बेचक्यातलं जुनं धरण, त्याचं पाणी गावाला प्यायला. म्हणून तिथे होडी नाही, जाळं नाही, गांडूळ किंवा पिठाचं आमिष नाही. परवाना मिळे तो फक्त काठी आणि बनावट माशी यांचा. असल्या अटींवर कोण मरायला जातो? गावातल्या हौशी लोकांनी एक-दोन उन्हाळे हात मारून पाहिले आणि नाद सोडला. उरला हा एकटा.

कारण तिथले मासे फार संशयी होते. पाठीला काळपट, पोटाला पितळेसारखे, हातभर लांबीचे. धरण बांधलं तेव्हा खोऱ्यात एक फळबाग बुडाली होती. तिचे वठलेले बुंधे अजून पाण्याखाली उभे होते आणि हे मासे त्यांच्या आडोशाने राहत. काठावर माणसाची सावली पडली की खाली. खडा घसरला की खाली. मेव्हणा एकदा हौसेने बरोबर आला आणि शिंकला, तेव्हापासून त्याला रस्त्यावरच गाडीत बसवून ठेवण्यात येऊ लागलं. कवळीवाला स्वतः शेवटचा पल्ला गुडघ्यांवर रांगत जाई, पँटीचे गुडघे फाटत, आणि बायको त्याला शिव्या घालत ठिगळं लावी.

सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी तीन-चार मासे सहज लागत. मग एखादाच लागू लागला. मग कित्येक आठवड्यांत एखादा. दुसरा कुणी असता तर त्याने काठी माळ्यावर टाकली असती. याला मात्र उलटा अभिमान वाटे. "काय हुशार झालेत म्हणून सांगू!" तो चहाच्या टपरीवर सांगे. "माशीच्या पायाचा दोरा जरा जाड झाला तरी ओळखतात. जवळ येतात, खालून न्याहाळतात, आणि जातात निघून. डॉक्टरीणबाईंना नाही कळत तेवढं यांना कळतं." त्यातल्या सगळ्यात मोठ्याला तो थोरला म्हणे. थोरल्याच्या वरच्या ओठाला याच्याच गळांनी पडलेले तीन व्रण होते आणि गेली दोन वर्षं तो काही याला लागला नव्हता. घरी त्याचा विषय निघाला की बायको पदर सावरून विचारी, "काय म्हणतात आमचे थोरले दीर?"

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला धरणाच्या तळच्या दाराला गळती लागली. आधी धार होती, मग तिचा झोत झाला. दार बदलायचं तर पाणी पार तळापर्यंत सोडून द्यायला हवं, असं ठरलं. गावाने नळाच्या चिंतेने हंडे, पिंप, बादल्या भरून ठेवल्या. कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी वेगळ्याच कारणाने पळालं. त्याने हातातली कवळी अर्धी टाकली आणि सायकल काढून धरणाच्या कचेरीत गेला.

धरणाचे साहेब वयाने लहान होते आणि स्वभावाने भले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"साहेब, चार महिने थांबता नाही का येणार? पाऊस पडू दे. वरून नदी भरून आली की मासे आपले आपण वर चढून जातात."

"काका, पावसात दाब वाढला आणि दार निखळलं तर खाली तुमचंच गाव आहे."

कवळीवाला हातातली टोपी फिरवत राहिला.

"खाली डबकं उरेल थोडं," साहेब म्हणाले, "बागेच्या खळग्यात. पण दार बसवून पुन्हा पाणी अडवेपर्यंत ते तापणार. मोठे मासे तगायचे नाहीत. मला वाईट वाटतं, पण मी काय करू?"

"मी काढतो ना त्यांना!" कवळीवाला उठूनच उभा राहिला. "तुम्ही फक्त हो म्हणा. एकेक काढतो आणि वरच्या नदीत नेऊन सोडतो. तिथे गार पाणी आहे, वाहतं आहे."

"निघतील?"

"साहेब," तो हसला, "मी नाही काढणार तर कोण काढणार? घरचे आहेत ते."

साहेबांनी तिथल्या तिथे परवानगी दिली. घरी येताना कवळीवाला चक्क शीळ घालत होता. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "अगं, आयुष्यभर उगाच धरले आणि सोडले. आता त्याचा उपयोग व्हायचाय."

मेव्हण्याच्या मालवाहू गाडीत एक मोठं निळं पिंप चढवलं, त्यात हवा सोडणारा छोटा पंप बसवला. डॉक्टरीणबाईंकडून रजा घेतली. बायको म्हणाली, मीही येते, तुमच्या थोरल्यांचं दर्शन तरी होईल. आणि तिघं धरणावर जाऊन बसले.

पाणी रोज उतरत होतं. काठावरचा चिखल वाळून भेगाळत होता आणि बागेचे बुंधे एकेक करून वर डोकं काढत होते. वर्षानुवर्षं न दिसलेले मासे आता उघड दिसू लागले. त्या खळग्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यात ते एका मागोमाग एक घिरट्या घालत. कवळीवाला रांगत गेला, काठी मागे झुलवली, दोर हवेत सरळ होऊ दिला आणि पुढे टाकली ती माशी पाण्यावर अशी उतरली की मेव्हण्यानेसुद्धा गाडीतून मान हलवली. एक मासा वर आला. माशीच्या खाली थांबला. माशाने तिला नीट पाहिलं आणि शांतपणे वळून निघून गेला.

असं दिवसभर झालं. दुसऱ्या दिवशी झालं. त्याने डबीतल्या सगळ्या माशा टाकून पाहिल्या, काळ्या, करड्या, बुडणाऱ्या, तरंगणाऱ्या. रात्री जागून नव्या बांधल्या. गळाचा तंतू इतका बारीक लावला की त्याचा त्यालाच दिसेना. मासे येत, बघत, जात. बाजूलाच खरी माशी पडली की ती मात्र गट्ट करत.

मग त्याने मान खाली घालून बायकोला विचारलं, "पाव आहे का गं डब्यात?" सगळा जन्म आमिषाला नाक मुरडणाऱ्या माणसाला हे विचारताना किती जड गेलं, हे तिला कळलं. तिने एरवी यावर महिनाभर थट्टा केली असती. तिने गुपचूप पाव काढून दिला. पावाला मासे शिवले नाहीत. गांडुळांनाही शिवले नाहीत. पाण्यात तंतू पडला की त्या बाजूचं सगळं पाणी रिकामं होई.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना जाळं टाकायला लावलं. बंदी होती, पण आता कसली बंदी? जाळं बुंध्यांत अडकलं. ओढाओढीत टरटरून फाटलं, तळाचा गाळ ढवळून वर आला आणि मासे आणखी बिथरले. साहेब हात झाडत म्हणाले, "काका, तुमच्या गळावरच आहे सगळं."

कवळीवाला काठी टाकत राहिला. खांदा सुजला, बोटांना घट्टे पडले. एकदा पाणी प्यायला तो वर गाडीपाशी आला आणि सहज मागे वळून पाहिलं, तर खळग्यात ठिकठिकाणी वलयं उठत होती. मासे वर येऊन खात होते. तो खाली उतरला, अजून काठीही उचलली नव्हती, तर वलयं थांबली. तो पुन्हा वर गेला. जरा वेळाने पुन्हा वलयं. तो काठावर असेपर्यंत ते उपाशी राहत होते.

"तू टाकून बघ," तो मेव्हण्याला म्हणाला.

"मी? भाऊजी, मी शिंकतो."

"टाक रे तू."

मेव्हण्याने काठी धरली ती झाडू धरावा तशी. दोर पाण्यात धबकन पडला. कवळीवाल्याने डोळेच मिटले. आणि मेव्हणा ओरडला, "लागला! भाऊजी, लागला की हो!"

वीतभर लांबीचा, पोरसवदा मासा होता. बायकोने टाळ्या वाजवल्या. मेव्हण्याच्या अंगात वारं शिरलं, त्याने आणखी एक काढला, मग आणखी एक. सगळे लहानच. कवळीवाला गळ सोडवायचा आणि पिंपात टाकण्याआधी प्रत्येकाचं तोंड उघडून उजेडाकडे धरून पाहायचा. जबडे पाहण्यात हयात गेलेली, त्याला काय वेळ लागणार? ओठ कोवळे, नितळ. एकाच्याही ओठाला व्रण नव्हता. पुढच्याच्याही नव्हता. यातला एकही मासा कधी त्याच्या हाताला लागलेला नव्हता.

तो चिखलात खाली बसला.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "अहो, मिळताहेत की!"

"जे मला भेटले नाहीत, ते मिळताहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीच्यांना मीच शिकवलं गं. दुसरं कोण येतं इथे? वरून पडलं ते सगळं लबाड, काठावर माणूस दिसला की आपला घात, हे त्यांना कुणी शिकवलं? धरायचं, दुखवायचं आणि सोडायचं. इतकी वर्षं. आणि वर मी टपरीवर सांगत होतो, किती हुशार झालेत म्हणून."

"तुम्ही सोडलंत त्यांना. खाल्लं असतं, तर ते आज असतेच का?"

"आज नसतेच, तर यातून सुटले तरी असते."

या माणसाला कुठल्याही गोष्टीवरून चिडवता येतं, असा बायकोचा समज होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटावी इतकी कीव आली. ती त्याच्या शेजारी चिखलात बसली, लुगडं खराब होईल याचाही विचार न करता.

लहान मासे मेव्हण्याने वर नदीत नेऊन सोडले आणि येऊन उत्साहाने सांगितलं, कसे सुसाट गेले ते. कवळीवाल्याने ऐकून घेतलं. तो आता काठीला हात लावत नव्हता. दगडाआड, माशांना दिसणार नाही असा, बसून राही. निदान मी दिसलो नाही तर ते खातील, एवढंच तो म्हणे. मेव्हण्यालाही आणखी लहान मासे मिळेनासे झाले. मोठे तसेच फिरत होते. ऊन चढत होतं, खळगा आक्रसत होता आणि पाण्याला उकडलेल्या शेवाळाचा वास येऊ लागला होता. साहेब एकदा येऊन बघून गेले.

मग एका दुपारी पाणी पार पिवळं पडलं. मासे बुंध्यांपाशी वर येऊन हवेत तोंडं उघडमीट करू लागले. एकेक करून आडवे होत गेले. कवळीवाला दगडाआडून उठला, कपड्यांसकट चिखलात उतरला, मांड्यांपर्यंत रुतला, आणि जे हाताला लागतील ते उचलून वर देऊ लागला. बायको काठावर पदराची झोळी करून उभी. मेव्हणा पिंपापर्यंत धावतोय. एक, दुसरा, तिसरा. पिंपात पडले ते पोट वर करूनच राहिले.

सगळ्यात मोठ्या बुंध्याला टेकून थोरला उभा होता. अजून सरळ होता. कवळीवाला थबकला. सवयीने त्याने सावली मागे घेतली. मासा हलला नाही. त्याने हात पाण्याखालून पुढे नेला, अगदी हळू, आणि त्याच्या पोटाखाली धरला. ज्याने वर्षानुवर्षं त्याची सावलीसुद्धा सोसली नव्हती, तो मासा त्याच्या तळहातावर येऊन टेकला. वरच्या ओठावर तिन्ही व्रण स्पष्ट दिसत होते.

"हा जिवंत आहे!" तो ओरडला. "गाडी काढ! गाडी काढ लवकर!"

मेव्हण्याने त्या खडबडीत रस्त्यावरून गाडी अशी हाकली की पिंपातलं निम्मं पाणी सांडलं. मागे पिंपाशी कवळीवाला दोन्ही हात आत घालून उभा होता. बायकोने त्याला पडू नये म्हणून कमरेला धरलं होतं. "धर हं, आलंच," तो सारखा म्हणत होता, ते तिला की माशाला, कळायला मार्ग नव्हता.

वरची नदी गार होती. तो धावत पाण्यात शिरला आणि त्याने थोरल्याचं तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले एकदा हलले. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

"हलले ना? पाहिलंस ना तू?"

"पाहिलं," बायको म्हणाली.

रस्त्यावरून मेव्हण्याने हाक मारली, "भाऊजी, सोडला का?" बायकोने हातानेच त्याला गप्प राहायची खूण केली. तीही पाण्यात उतरली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. पायाला पाणी झोंबत होतं.

"मी हात लावला तेव्हा पळाला नाही गं," तो म्हणाला. "तेव्हाच कळायला हवं होतं मला." त्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"आता बास. सोडा त्याला."

"थांब. दमलाय तो. जरा गार पाणी कल्ल्यांतून जाऊ दे."

माशाची शेपूट डावीकडे वळली, उजवीकडे वळली. "बघ!" तो म्हणाला, "बघ, हलवतोय!" ती वाहत्या पाण्याने हलत होती. बायकोच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं, पण ती म्हणाली, "हो, हलवतोय," आणि तिनेही वाकून आपले हात माशाच्या पोटाखाली, त्याच्या हातांच्या खाली धरले.